पेंढ्यातली दुपार

एकोणीसशे अठ्ठावन्न साली पाऊस जायचं नाव घेत नव्हता, आणि नेमकी त्याच वर्षी कुंभारांच्या घराला आजवरची सगळ्यात मोठी मागणी आली. बाराशे बरण्या. झिलईच्या, झाकणासकट, आगगाडीने दोन दिवसांच्या प्रवासाला जायच्या. घरात आनंद झाला तो एक दिवस, मग कामाला कंबर कसली गेली. थोरला आणि धाकटा, दोघे भाऊ चाकावर बसले. धाकटी सून सकाळी कोपरापर्यंत हात घालून माती मळायची आणि दुपारी झिलई कालवायची. थोरली सून, सासू आणि मदतीला आलेली शेजारची सुतारीण, अशा तिघी बरण्या भरायच्या खोक्यांच्या कामाला लागल्या.

भरायचं काम दिसायला सोपं. खोक्यात पेंढा अंथरायचा, बरणीला पेंढ्याचा पीळ गुंडाळायचा, बरणी उभी करायची, बोटांनी फटीफटीत पेंढा कोंबायचा. पण या घराची त्यातही एक रीत होती, सासऱ्यांपासून चालत आलेली. पेंढा कोरडा वापरायचा नाही. आदल्या दिवशी त्यावर पाणी शिंपडायचं, गोणपाटाने झाकायचं आणि रातभर मऊ पडू द्यायचं. कोरडी काडी झिलईवर ओरखडा काढते, मऊ काडी बरणीला लेकरासारखी धरते, असं सासरे म्हणायचे. सासरे जाऊन सात वर्षं झाली होती, पण त्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात पाण्याचा थेंबही सांडत नव्हता.

पेंढ्याची खोली भट्टीच्या पाठीला पाठ लावून होती. भिंतीला हात लावला की ती कोमट लागायची. परतून आलेल्या खोक्यांमधला जुना पेंढाही तिथेच टाकायचा, नव्याच्या खाली. वाया काही घालवायचं नाही, हीसुद्धा सासऱ्यांचीच शिकवण. त्या वर्षी छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं. आत शिरलं की ऊबदार, कुबट वास यायचा. थोरलीला तो वास आवडायचा. लग्न होऊन आली तेव्हा पंधरा वर्षांची होती, आणि माहेरची आठवण आली की त्याच खोलीत जाऊन रडायची.

काम वाढलं तशी धाकटीही दुपारची भरायला येऊन बसायला लागली. पहिल्याच दिवशी भांडण झालं.

धाकटी शहरातली, शिंप्याची मुलगी. ती आली ती दोन्ही हातांना जुन्या पाटलोणीच्या पायांच्या शिवलेल्या बाह्या चढवून. मनगटाशी नाडी, पुढे अंगठा अडकवायला फीत, बोटांवरही कापड.

"ही काय सोंगं घेतलीस गं?" सासूने विचारलं.

"काडी टोचते, आत्याबाई. मग खाज सुटते."

"आणि आम्हाला काय गुदगुल्या होतात?"

"तुम्हालाही टोचत असेल. तुम्ही बोलत नाही इतकंच."

सुतारीण हसली. थोरली हसली नाही. एकोणीस वर्षं ती या पेंढ्यात उघड्या हातांनी काम करत होती, आणि ते कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता ही दोन वर्षांपूर्वी आलेली पोर ते बोलली, आणि बोलण्यात ती मूर्ख ठरली, असं थोरलीला वाटलं.

"राहू दे, आत्याबाई," ती म्हणाली. "मडमेला हात जपायचे असतील. कुणाला दाखवायचेत कुणास ठाऊक."

धाकटीने नाडी दातांनी आवळली आणि पहिली बरणी उचलली.

तीन आठवड्यांनी थोरलीच्या तर्जनीवर एक गाठ आली. वाटाण्याएवढी, दुखत नव्हती. काडी मोडून राहिली असेल म्हणून तिने सुईने उकरली. गाठ फुटली, पण बरी होईना. मग मनगटावर दुसरी उठली. मग तिसरी, चार बोटं वर. चौथी कोपराच्या खाली. एका दोरीत मणी ओवावेत तशा गाठी ओळीने हातावर चढत होत्या. हात फिरवला की आत ती दोरीही लागायची, ताठ.

"चढतंय काहीतरी," ती नवऱ्याला म्हणाली.

थोरल्याने सदऱ्याची बाही वर केली. त्याच्या मनगटावरही दोन होत्या. तो संध्याकाळी खोक्यांना झाकणं ठोकायचा.

आठवड्याभरात सुतारीण हात घेऊन आली. मग सासूच्या अंगठ्यावर उठलं. चार माणसं, चार हात. डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर नवा होता, सरकारी दवाखान्यात आलेला, सायकलवर फिरायचा. त्याने मलम दिलं, आणि एक फुटलेली गाठ दाबून पू काचेच्या नळीत घेतला.

"हा कशाला?" सासूने विचारलं.

"मोठ्या दवाखान्यात पाठवतो. काय उगवतं ते बघू."

"माझ्या हातात काय शेत आहे, उगवायला?"

डॉक्टर हसला, पण नळीवर नाव लिहून घेऊन गेला. मलमाने काही झालं नाही.

मग एके दिवशी खोकी भरता भरता सुतारीण सहज म्हणाली, "धाकटीचे हात बघितलेस का गं? अगदी कोरे आहेत."

थोरलीचा हात बरणीवरच थांबला. धाकटी तेव्हा अंगणात झिलईच्या कुंडीशी बसली होती, बाह्या काढून ठेवल्या होत्या. कोपरापर्यंत गोरे, स्वच्छ हात. एक ओरखडा नाही.

"तिला आधीच ठाऊक होतं की काय," सुतारीण म्हणाली. "उगाच का कुणी हात झाकतं?"

एवढंच बोलून ती कामाला लागली, पण थोरलीच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसलं. आणि एकदा शंका घरात आली की ती एकटी राहत नाही, सगळं गणगोत बोलावून घेते. उन्हाळ्यात धाकटीने वेगळी चूल मागितली होती आणि सासूने नाही म्हटलं होतं, ते आठवलं. झिलईची भुकटी विषारी असते, जनावराने चाटली तर मरतं, आणि तिची किल्ली धाकटीकडेच असते, तेही आठवलं. पेंढ्यावर पाणी शिंपडायचं काम गेले दोन महिने धाकटीच करत होती. पाण्यात काय कालवते, कुणी पाहिलं होतं? थोरलीच्या मनात एकेक गोष्ट अशी जुळत गेली की वेगळी काही गोष्ट असूच शकत नाही, असं वाटायला लागलं.

तिने सासूच्या कानावर घातलं. सासूने डोळे बारीक केले.

"मी म्हणतच होते. माझ्या चहाची चव बदललीय."

"चहा मीच करते, आत्याबाई."

"तू करतेस, पण दूध कोण आणतं?"

त्या दिवसापासून सासू दूध स्वतः आणायला लागली. झिलईच्या खोलीला दुसरं कुलूप लागलं. धाकटीने वाढलेलं ताट सासू मांजरापुढे सरकवायची आणि त्याला काही होतं का ते बघत बसायची. मांजराला चांगले दिवस आले. धाकटी हे सगळं बघत होती. पहिले काही दिवस तिने विचारलं, "काय झालंय? माझं काही चुकलं का?" कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा विचारायचं सोडून दिलं. बाह्या मात्र रोज चढवत राहिली. थोरलीला तो निर्लज्जपणा वाटायचा.

पण थोरली अन्यायी बाई नव्हती. नुसत्या संशयावर एका पोरीचा संसार मोडायचा, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. डोळ्यांनी बघायचं आणि मग बोलायचं, असं तिने ठरवलं. एका दुपारी जेवणं झाली, सगळे पाठ टेकायला गेले, तेव्हा नदीवर जाते असं सांगून ती निघाली आणि मागच्या दाराने पेंढ्याच्या खोलीत शिरली. गंजीच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला, जुन्या पेंढ्यात खड्डा करून कुशीवर पडली. दार दिसेल एवढी फट ठेवली. गाल काड्यांवर टेकला.

वर कौलांवर पाऊस वाजत होता. भिंतीची ऊब पाठीला लागत होती. धाकटी पाणी शिंपडायला आता येईल, मग येईल, म्हणून ती डोळे ताणून पडून राहिली. एक कोंबडी आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, थोरलीकडेही पाहिलं, एका कोपऱ्यात बसून अंडं घातलं आणि ओरडत गेली. मग कुणी आलं नाही. ऊब आणि पावसाचा आवाज, थोरलीचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा पावसाळी संध्याकाळ दारात आली होती आणि गालात काडी रुतली होती. तिने ती उपटली, थोडं रक्त आलं, पदराने पुसलं.

"नदीवर एवढा वेळ?" नवऱ्याने विचारलं.

"बायका भेटल्या."

"आणि गालाला काय?"

"काटेरी झुडुप होतं वाटेत."

त्या दुपारी पाणी शिंपडायला धाकटी का आली नाही, ते तिला घरात आल्यावर कळलं. सासूनेच ते काम तिच्याकडून काढून घेतलं होतं आणि सकाळीच स्वतः उरकलं होतं. थोरली मनात म्हणाली, एका दुपारने काय सिद्ध होतं? आणि संशय होता तिथेच राहिला. उलट ती फुकट गेलेली दुपारही तिने धाकटीच्याच नावावर टाकली.

पुढच्या अठरा-वीस दिवसांत बरण्या संपत आल्या आणि घर फुटायला आलं. सासूने धाकट्या मुलाला समोर बसवून सांगितलं, "हिला बापाकडे पोचव. आम्ही बऱ्या झालो तर कळेलच काय ते."

"आणि नाही झालात तर?" धाकट्याने विचारलं.

"म्हणजे तुला आई मेलेली चालेल."

धाकटा चाकासमोर जाऊन बसला. दिवसभर त्याच्या हातून एकही बरणी सरळ उतरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची बैलगाडी ठरली.

त्याच सकाळी थोरलीने आरशात पाहिलं. काडी रुतली होती तिथे गालावर गाठ आली होती. वाटाण्याएवढी, दुखत नव्हती. बाकीच्या गाठींसारखीच.

सासूने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आता तोंडावर आलं. बघा सगळ्यांनी. तोंडाने कुणी पेंढा भरतं का? म्हणजे हे पेंढ्याचं नाहीच. हे पोटातून आलंय, जेवणातून. आता तरी पटलं का रे तुला?"

धाकटा बायकोची ट्रंक उचलून गाडीवर ठेवायला गेला. थोरली गालावर बोट ठेवून तशीच उभी राहिली. त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं की हा गाल पेंढ्यात होता.

ट्रंकेला दोरी बांधायची होती. बांधायला पेंढ्याचीच दोरी मिळाली. धाकटीने ती बांधण्याआधी पिशवीतून बाह्या काढल्या, हातात घातल्या, आणि मग गाठ मारली. सासू म्हणाली, "बघा, अजून."

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटा वाजली. डॉक्टर आला. त्याच्या हातात कागद होता आणि चेहरा गणित सुटलेल्या पोरासारखा.

"उगवलं," तो म्हणाला. "बुरशी आहे. तुमच्या हातांत बुरशी आहे."

"भिजलेल्या चामड्यावर येते ती?" थोरल्याने विचारलं.

"तिच्याच जातीतली, पण वेगळी. मातीत असते, कुजक्या लाकडावर असते, काट्यांवर, गवतावर असते. एरवी कुणाला काही करत नाही. पण टोचून आत गेली की कातडीखाली मुक्काम करते आणि हळूहळू वर चढते. औषध आहे. थेंब आहेत, दुधातून घ्यायचे, पण काही महिने. फक्त मला हे कळायला हवं की ती आली कुठून. नाहीतर मी बरं करणार आणि तुम्ही पुन्हा घेऊन येणार. माती का?"

"माती सगळ्यात जास्त हीच मळते," धाकटा एकदम म्हणाला आणि बायकोकडे बोट केलं. "उघड्या हातांनी. तिला काहीच नाही."

"म्हणजे माती नाही."

"तिनेच घातली असेल ही बुरशी जेवणात," सासू म्हणाली.

"आजी, खाऊन नाही होत असं. टोचावं लागतं." डॉक्टर थोरलीकडे वळला आणि तिच्या गालापाशी वाकला. "हे नवं आहे. इथे काय टोचलं?"

"काही नाही."

"काहीतरी असणार. आठवून बघा. दोन-तीन आठवड्यांपूर्वी."

"नदीवरचं झुडुप म्हणाली होती," नवऱ्याने आठवण करून दिली.

डॉक्टरने कागदावर लिहिलं. "झुडुप. कुठलं? मला दाखवाल?"

गाडीवाल्याने बैल जुंपले. धाकटी चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवून वर चढली आणि ट्रंकेवर बसली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. थोरलीला वाटलं, बोलू नये. झुडुप दाखवून द्यावं, नदीकाठी झुडपांना काय तोटा. एक शब्द बोलला नाही तर गाडी जाईल, चूल एकच राहील, आणि एकोणीस वर्षं राखलेली पत तशीच राहील. पण डॉक्टर झुडुप शोधत फिरणार, आणि पेंढा तिथेच राहणार. उद्या पुन्हा सगळे त्यात हात घालणार. तिची मुलगी मोठी होत होती. पुढच्या वर्षी तिलाही भरायला बसवायचं होतं.

"झुडुप नव्हतं," ती म्हणाली.

"मग?"

"पेंढा होता. मी पेंढ्याच्या खोलीत पडले होते. दुपारभर. गाल टेकून."

"पडले होते म्हणजे?" नवऱ्याला कळेना. "चक्कर आली?"

"चक्कर नाही. लपून बसले होते." तिने गाडीकडे पाहिलं. "हिच्यावर पाळत ठेवायला. ही पेंढ्यात काही टाकते का ते बघायला."

बैलाने मान झटकली, घुंगरं वाजली. सुतारीण पदर सारखा करत कुंपणामागे सरकली.

गाडीवरून धाकटीने पहिल्यांदा विचारलं, "मग काय दिसलं, जाऊबाई?"

"कोंबडी."

"काय टाकलं तिने?"

"अंडं."

धाकट्याला हसू आलं आणि त्याने ते दाबलं. डॉक्टर मात्र हसला नाही. तो सरळ पेंढ्याच्या खोलीकडे चालू लागला. सगळे त्याच्या मागे गेले. त्याने गोणपाट उचललं, भिंतीला हात लावला, खालचा पेंढा उपसला. तो काळपट होता, हाताला चिकट लागत होता.

"हा ओला कोण करतं?"

"रीत आहे," सासू म्हणाली. "ह्यांनी घालून दिलेली."

"ओला करायचा, झाकायचा, आणि मागे भट्टीची ऊब. शिवाय जुना पेंढा खाली तसाच." डॉक्टरने मूठभर काड्या बाटलीत भरल्या. "आजी, बुरशीला वाढवायचं असतं तर मीही हिच्यासाठी असंच घर बांधलं असतं."

सासूने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने तिच्या नवऱ्याला शिवी दिली होती.

थोरली गाडीपाशी परत आली. "उतर," ती म्हणाली. "ट्रंक खाली घेते मी."

"नको. सामान बांधलंच आहे," धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही सगळ्यांनी मिळून बांधलंय. आता जातेच. दोन महिने माझं ताट मांजराला दाखवलंत, जाऊबाई. तुम्ही विचारलं असतंत तर मी बाह्यांचं सांगितलं असतं. माझा बाप म्हणतो, टोचतं तिथे कापड घाल. त्यात दुसरं काही नव्हतं."

गाडी गेली. धाकटा तिच्या मागे चालत गेला आणि फाट्यापासून परत आला.

जुना पेंढा भट्टीत जळला. त्या दिवशी धुराकडे बघत सासू ओट्यावर बसून राहिली. नवा पेंढा कोरडा वापरायला लागले, झिलईवर ओरखडे यायला लागले, आणि शहरातून एकही तक्रार आली नाही. बाटलीतल्या काड्यांवर तीच बुरशी उगवली, असं डॉक्टरने येऊन सांगितलं. औषधाचे थेंब दुधातून घ्यायचे, दर दिवशी वाढवत. तोंडाला गंजक्या खिळ्याची चव यायची, नाक-डोळे वाहायचे. सासूचं म्हणणं, हे औषध धाकटीच्याच बापाने पाठवलंय. पण घेतलं तिने, सगळ्यांच्या देखत, आधी मांजराला दाखवून. मांजराने तोंड फिरवलं.

अडीच महिन्यांनी धाकटी परत आली. बरोबर कापडाचं गाठोडं होतं. बापाने शिवलेल्या आठ जोड बाह्या, सगळ्यांच्या मापाच्या. गाठोडं तिने थोरलीसमोर ठेवलं आणि म्हणाली, "वेगळी चूल हवी." थोरलीने सासूला विचारलं नाही. स्वतःच विटा आणून दिल्या.

पुढे सासू आणखी अकरा वर्षं जगली. हात बरे झाले, पण बुरशीचं तिने शेवटपर्यंत मानलं नाही आणि धाकटीच्या चुलीवरचा घोटभर चहाही घेतला नाही. सुतारणीच्या कोपराची गाठ सगळ्यांत उशिरा भरली. ती कुणाच्या हातांबद्दल पुन्हा बोलली नाही, पायांबद्दल मात्र बोलायची. डॉक्टरची दोन वर्षांत बदली झाली. जाताना त्याने एक बरणी मागून घेतली, ओरखडा असलेली. थोरला साठीत गेला, छातीच्या दुखण्याने. धाकट्याने चाक पुतणीला शिकवलं, आणि थोरलीची मुलगी त्या घरातली चाकावर बसणारी पहिली बाई झाली. तिने बाह्या घातल्याशिवाय कधी पेंढ्याला हात लावला नाही.

थोरलीच्या गालावर रुपयाएवढा वण राहिला. लग्न होऊन आलेल्या नव्या मुली विचारायच्या, तेव्हा ती न लाजता सांगायची, "पाळत ठेवली होती." आणि धाकटी पलीकडच्या चुलीवरून आवाज द्यायची, "अंडं काय झालं ते पण सांगा."

दोघी एका चुलीवर पुन्हा आल्या नाहीत. पण धाकटीने एक खोड लावून घेतली होती. पेंढ्याच्या खोलीत जायचं झालं की दाराशी थांबायची, खाकरायची आणि विचारायची, "जाऊबाई, आत आहात का?" थोरली अंगणातून ओरडायची, "नाही गं, आज सुट्टी." हे तीस वर्षं चाललं. थोरली गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात खोकी भरायला घेतली होती. धाकटी बाह्या चढवून पेंढ्याच्या दाराशी गेली, खाकरली, सवयीने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत बराच वेळ तिथेच उभी राहिली.